भिंगापुढची माणसे

छायाचित्रणाच्या इतिहासात एक वाक्य हमखास भेटते : अमुक साली अमुक कॅमेरा बाजारात आला आणि ही कला सामान्य माणसाच्या हाती गेली. वाक्य ऐकायला गोड आहे, आणि पुष्कळ अंशी खरेही आहे. पण त्यातला 'सामान्य माणूस' कोण, हे मात्र कोणी सांगत नाही. टोकियोतला कारकून, न्यूयॉर्कमधला शिक्षक आणि गोंदियाच्या बाजारात धान विकायला आलेला शेतकरी, हे तिघेही सामान्यच. परंतु कॅमेरा तिघांकडे एकाच वाटेने आला नाही. दिवाळीत घर आवरताना कपाटाच्या तळातून जुने अल्बम वर येतात, आणि फराळाच्या ताटांशेजारी ते उघडले जातात. त्या निमित्ताने या वाक्याची थोडी झडती घ्यावी, असे मला वाटते. कॅमेरा घेऊ तो एस.एल.आर., म्हणजे एकभिंगी आरशाचा कॅमेरा. आणि झडतीचे ठिकाण, १९९९ साली भंडाऱ्यातून वेगळा झालेला, धानाच्या बांध्यांचा, विड्यांचा आणि तळ्यांचा गोंदिया जिल्हा.

प्रथम यंत्राची ओळख करून घेऊ. साध्या पेटीवजा कॅमेऱ्यात फोटो काढणारा एका खिडकीतून पाहतो आणि फिल्म दुसऱ्या भिंगातून पाहते. दोघांच्या नजरेत दोनचार बोटांचे अंतर असते. दूरच्या डोंगराला त्याने काही होत नाही. पण जवळच्या माणसाचे डोके कापले जाते आणि पायाखालची जमीन मात्र भरपूर येते. जुन्या अल्बमात असे एखादे बिनडोक्याचे काका बहुतेक घरी सापडतील! एस.एल.आर.मध्ये हे द्वैत नाही. भिंगातून आलेला प्रकाश तिरक्या आरशावर पडून वर वळतो, पंचकोनी लोलकातून सुलटा होतो आणि डोळ्यापर्यंत येतो. बटण दाबले की आरसा उचलला जातो आणि तोच प्रकाश फिल्मवर पडतो. भिंग कोणतेही लावा, लांबचे वा रुंद. जे डोळ्याला दिसले तेच फिल्मला दिसणार. या कॅमेऱ्याचे सगळे मोठेपण या एका गोष्टीत आहे.

ही कल्पना स्वस्त व्हायला चाळीस वर्षे लागली. १९३६ साली जर्मनीतील ड्रेस्डेन येथे ३५ मिलिमीटर फिल्मचा किने एक्झाक्टा निघाला. त्यात कमरेशी धरलेल्या कॅमेऱ्यात वरून वाकून पाहावे लागे आणि डावे-उजवे उलटे दिसे. त्याच शहरातल्या काँटॅक्स एस या कॅमेऱ्याने १९४९ मध्ये लोलक बसवला आणि चित्र सुलटे केले. पुढची पावले जपानने टाकली. पूर्वी बटण दाबले की आरसा वरच अडकून राही आणि पुढचे चित्र ओढेपर्यंत डोळ्यापुढे काळोख होई. १९५४ मधल्या असाहीफ्लेक्सने तो आरसा आपोआप खाली आणला. १९५७ मध्ये असाही पेंटॅक्स आला, १९५९ मध्ये वृत्तछायाचित्रकारांचा आवडता निकॉन एफ आला, आणि १९६४ मधल्या पेंटॅक्स स्पॉटमॅटिकने भिंगातून येणारा प्रकाश कॅमेऱ्याच्या आतच मोजून दाखवला.

एवढे होऊनही किंमत उतरत नव्हती, कारण आरसा, लोलक, पडदा आणि दातेरी चाके यांची जुळणी म्हणजे घड्याळजीचे काम होते. ती दोन वाटांनी उतरली. सोव्हिएत वाट साधेपणाची होती. मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्क कारखान्याने १९६५ पासून झेनिट-ई नावाचा जाडजूड कॅमेरा लाखांच्या संख्येने काढला. त्याचा पडदा सेकंदाच्या तिसाव्या भागाहून संथ चालत नसे आणि पाचशेव्या भागाहून वेगाने धावत नसे. प्रकाशमापक बाहेर बसवलेला, त्याचे आकडे आपणच पाहून आपणच लावायचे. ऐषआराम काही नाही. पण भिंग चांगले आणि हाड दणकट. जपानी वाट विजेची होती. १९७६ साली कॅननने एई-१ या कॅमेऱ्यात सूक्ष्म संगणक बसवला. त्यामुळे सुमारे तीनशे सुटे भाग कमी झाले आणि जुळणीचे पुष्कळसे काम यंत्रांवर सोपवता आले. अमेरिकेत त्याची जाहिरात थेट दूरदर्शनच्या पडद्यावरून झाली, आणि जाहिरातीचा सूर असा, की हा कॅमेरा इतका पुढारलेला आहे की वापरायला सोपा झाला आहे. त्याच वर्षी निघालेल्या पेंटॅक्स के-१००० मध्ये याउलट काहीच आपोआप होत नव्हते. मापकाची सुई मध्यावर आणायची आणि बटण दाबायचे. तो १९९७ पर्यंत बनत राहिला आणि जगभरच्या विद्यार्थ्यांची पाटी ठरला.

इतिहासाचे गोड वाक्य येथपर्यंत बिनचूक चालते. आपल्या देशाची वेस आली की ते अडखळते. १९९१ पूर्वी परदेशी कॅमेरा म्हणजे आयातीचा परवाना आणि जबर जकात. आपल्या मध्यमवर्गाचा खरा कॅमेरा बडोद्यात तयार होणारा आगफा क्लिक-३. त्यात एका रोलवर बारा चौकोनी फोटो येत. उटकमंडच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्स या सरकारी कारखान्यात १९६७ पासून 'इंदू' फिल्म बनू लागली, तेव्हा काळ्या-पांढऱ्या फोटोची सोय घरच्या घरी झाली. एस.एल.आर. मात्र दुर्मीळच राहिला. भारत-सोव्हिएत व्यापार रुपयांत चाले, त्या ओघात झेनिट आपल्या हौशी लोकांपर्यंत आला. कोणाच्या आखाती नोकरीतल्या भावाने जपानी कॅमेरा आणला. पुढे पेंटॅक्स के-१०००, याशिका एफएक्स-३ आणि १९९५ नंतर निकॉन एफएम-१० ही नावे छायाचित्रकारांच्या तोंडी बसली.

मग गोंदियात हा कॅमेरा सामान्यांचा झाला की नाही? माझे उत्तर असे आहे, की तो झाला. परंतु विकत घेऊन नव्हे, भाड्याने. घरी क्लिक-३ देखील नसलेल्या कुटुंबाच्या लग्नात एस.एल.आर. हजर असे. तो स्टुडिओवाल्याच्या गळ्यात असे, आणि मांडवातल्या सर्वांना त्याचा आरसा उचलल्याचा 'खटक्' आवाज ओळखीचा होता. एक कॅमेरा आणि त्याच्यापुढे पन्नास खेड्यांतली माणसे, असा हा प्रसार. विक्रीच्या आकड्यांत ही माणसे कोठेच दिसणार नाहीत. जपान-अमेरिकेत सामान्य माणूस भिंगाच्या मागे गेला. आपल्याकडे तो भिंगाच्या पुढे आला. आणि ही काही दुय्यम गोष्ट नव्हे. ज्याच्या आजोबांचा एकही फोटो नाही, त्याच्या लग्नाचे छत्तीस फोटो निघाले, ही त्या घराण्याच्या इतिहासात लहान घटना म्हणता येणार नाही.

आता अल्बम उघडू या. आमगाव, तिरोडा, सालेकसा, अर्जुनी मोरगाव अशा निरनिराळ्या भागांतल्या घरी मी असे अल्बम पाहिले आहेत. १९७० च्या आधीचे फोटो बहुधा स्टुडिओतले : मागे रंगवलेला पडदा, लाकडी खुर्ची, गुडघ्यांवर ठेवलेले हात, आणि श्वास रोखून धरल्यासारखा चेहरा. एस.एल.आर. आल्यावर चित्र मोकळे होते. हळद लावताना हसणारी नवरी, जेवणाच्या पंगतीत वाकलेला वाढपी, पाठवणीच्या वेळी तोंडावर पदर घेतलेली आई. या गोष्टी खुर्चीवर बसवून मिळाल्या नसत्या. कॅमेरा डोळ्याला लावून माणसाबरोबर चालता येत होते, आणि जे दिसले तेच येईल अशी खात्री होती, म्हणून त्या मिळाल्या. यातल्या काही फोटोंना मी निःसंकोच चांगले फोटो म्हणेन. त्यांच्या कर्त्यांची नावे कोठल्याही प्रदर्शनाच्या पत्रिकेत नाहीत. फोटोच्या पाठीवर पुसट झालेला स्टुडिओचा शिक्का आहे, एवढेच.

परंतु पाने उलटता उलटता एक उणीव जाणवू लागते. या जिल्ह्यात वर्षाचे किती दिवस मांडवात जातात आणि किती बांधीत? पावसाळ्यात पऱ्हे उपटून रोवणी करणाऱ्या बायकांच्या रांगा, दिवाळीच्या आगेमागे धानाची कापणी, उन्हाळ्यात पहाटे उठून तोडलेला तेंदूपत्ता, आणि ओसरीवर सूप मांडीवर घेऊन वळल्या जाणाऱ्या विड्या. या कामांनी ही घरे उभी राहिली. त्यांचा एकही फोटो अल्बमात नाही. ज्या हातांनी हजारो विड्या वळल्या, ते हात फक्त मेंदी लावलेले दिसतात.

कोणी म्हणेल, फोटो पाहायचेच होते तर कामाचेही फोटो निघाले आहेत. खरे आहे. ते अल्बमात नाहीत, स्पर्धांत आहेत. एस.एल.आर. ज्या थोड्या हौशी लोकांच्या मालकीचा झाला, त्यांनी तो शेतावरही नेला. भारतीय हौशी छायाचित्रणाची प्रदर्शने ज्यांनी पाहिली असतील, त्यांना ही चित्रे पाठ असतील : मावळत्या सूर्यापुढून जाणारी बैलगाडी, पाण्याने भरलेल्या बांधीत वाकलेल्या काळ्या आकृती, सुरकुतलेला म्हातारा आणि त्याची विडी. रचना नेटकी असते. पण त्या आकृत्या कोणाच्या, हे चित्र सांगत नाही. खाली शीर्षक असते 'श्रम', 'संध्याछाया', नाहीतर 'जीवनसंघर्ष'.

माझा मूळ आक्षेप येथे आहे. आपल्या अल्बमात माणसाला नाव आहे, पण काम नाही. आपल्या प्रदर्शनात माणसाला काम आहे, पण नाव नाही. एकाच प्रकारच्या कॅमेऱ्याने, एकाच जिल्ह्यात, त्याच माणसांची काढलेली ही दोन प्रकारची चित्रे एकमेकांना कधी भेटलीच नाहीत. आणि ती भेट घडवणे या कॅमेऱ्याला सर्वांत सोपे होते.

असे का झाले, याचा थोडा दोष यंत्राकडे जातो. या काळातल्या बहुतेक कॅमेऱ्यांचे मापक सगळ्या चौकटीतल्या उजेडाची सरासरी काढत. समोर लख्ख आकाश असेल आणि सुई इमानेइतबारे मध्यावर आणली, तर आकाश छान येते आणि माणूस कोळशासारखा काळा होतो. त्याचा चेहरा हवा असेल तर सुईचे न ऐकता प्रकाश वाढवावा लागतो, आणि आकाशाचे सोने सोडून द्यावे लागते. पुष्कळांनी सोने ठेवले. दुसरी गोष्ट लांब भिंगाची. एस.एल.आर.वर १३५ किंवा २०० मिलिमीटरचे भिंग चढवले की धुऱ्यावर उभे राहून बांधीतल्या बाईचा फोटो घेता येतो. तिच्याजवळ जावे लागत नाही, आणि जवळ गेले नाही की नाव विचारावे लागत नाही. ५० मिलिमीटरचे भिंग मात्र चिखलात उतरायला लावते आणि दोन शब्द बोलायला लावते. लग्नात याच्या उलट होई. झेनिटमध्ये फ्लॅशचा मेळ सेकंदाच्या तिसाव्या भागाशी, के-१००० मध्ये साठाव्या भागाशी. छिद्र लहान ठेवले की फ्लॅशने पुढचे चेहरे पांढरेफटक उजळत आणि मागचा मांडव, मागची माणसे, मागचे घर सारे काळोखात बुडे. शेतावर चेहरा काळा, लग्नात घर काळे! पण यंत्राला दोष देऊन थांबणे सोयीचे असले तरी न्याय्य नाही. सुई न ऐकण्याची मुभा त्या कॅमेऱ्यात होतीच. तिचा उपयोग करावा असे आपल्याला वाटले नाही.

खर्चाची बाजू तर उघडच आहे. रोलमध्ये छत्तीस फोटो, प्रत्येकाला फिल्म, धुलाई आणि छपाई. रोवणीवर तो कोण खर्च करणार? याहून मोठी हरकत माझ्या एका मावशीने घेतली. तिचे निम्मे आयुष्य विड्या वळण्यात गेले. तिच्या हातांचा एकही फोटो नसल्याची खंत मी तिच्याजवळ बोलून दाखवली, तेव्हा ती म्हणाली, "कामाच्या लुगड्यावर कोनी फोटू काढते का, बापा?" या प्रश्नात लाज नव्हती, हक्क होता. वर्षभर जग तिला कामाच्या लुगड्यात पाहतच होते. एक दिवस आपण नेसू ते नेसून, आपण उभे राहू तसे उभे राहून जगाने आपल्याला पाहावे, हे मागणे खोटे कसे म्हणावे? अल्बम म्हणजे माणसाने स्वतःविषयी दिलेली साक्ष आहे, आणि समीक्षकाला ती परत मागण्याचा अधिकार नाही.

तरीही तिचा प्रश्न अल्बमाचे समर्थन करतो, प्रदर्शनाचे करीत नाही. कामाच्या लुगड्यावर फोटो नको असणारी माणसे स्पर्धेच्या चित्रात त्याच लुगड्यात, न विचारता, बिननावाची उभी केली गेली. त्यांच्यापाशी जाऊन, बसून, 'कसा काढू?' असे विचारून काढलेला कामाचा फोटो कसा झाला असता, याचा नमुना आपल्याकडे जवळजवळ नाही. मावशीने कदाचित पदर सारखा केला असता, सूप पुढे ओढले असते आणि मग हात चालू केले असते. तो फोटो तिलाही चालला असता.

हे अशक्य नव्हते, याचा पुरावा याच जिल्ह्यात आहे. मात्र तो छायाचित्रात नाही, शब्दात आहे. नवेगावबांधचा तलाव कोहळी समाजातल्या कोलू पाटलाने बांधला, असे परंपरा सांगते. त्याच्या काठच्या जंगलात मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून राहिले. २०२५ साली ते गेले. त्यांनी पक्षी लिहिले, झाडे लिहिली; पण ज्यांच्याकडून ते ज्ञान मिळाले, त्या नवेगावच्या माधवराव पाटलांसारख्या जाणकारांची नावेही लिहिली. जंगलातले काम आणि काम जाणणारा माणूस त्यांच्या पानावर एकत्र येतात. व्यंकटेश माडगूळकरांनी 'नागझिरा' लिहिले, तेही त्या रानात मुक्काम करून, लांबून भिंग रोखून नव्हे. चित्रकाराचा डोळा त्यांच्याकडे होताच; पण डोळ्याबरोबर पायही तेथे गेले होते. जे लेखणीला जमले ते कॅमेऱ्याला का जमू नये?

एका बाबतीत मात्र लांब भिंगाचे ऋण मान्य केले पाहिजे. महाराष्ट्रात सारस पक्षी मुख्यत्वे या जिल्ह्यात उरला आहे. धानाच्या बांधीत जोडीने फिरणाऱ्या या पक्ष्याचे घरटे कोणी जवळ जाऊन चाळवू नये. तेथे लांबूनच पाहणे हाच विवेक. पण सारसाला नाव विचारायचे नसते. माणसाला विचारायचे असते.

आता काळ पालटला आहे. २००३ साली कॅननने हजार डॉलरांच्या आतला डिजिटल एस.एल.आर. आणला, तेव्हापासून फिल्मची सद्दी ओसरत गेली. उटकमंडचा कारखाना बंद पडला. फोनमधल्या कॅमेऱ्याने फोटोवाल्याचे रोजचे गिऱ्हाईक नेले. छत्तीसाचे बंधन नाही, धुलाईचा खर्च नाही, गोंदियाचा सामान्य माणूस अखेर भिंगाच्या मागे गेला आहे. तेव्हा ती जुनी उणीव भरून निघाली का? पाहतो तो फोनमध्येही वाढदिवस, लग्ने आणि सहली. आणि रोवणी असलीच तर तिच्यावर सूर्यास्ताचा रंग चढवलेला. चौकट फुकट झाली, तरी काय चौकटीत घ्यायचे याची सवय जुनीच आहे.

दरम्यान जे निघाले तेही हातचे जाऊ लागले आहे. १९८० च्या आसपासचे रंगीत फोटो आता तांबूस पडले आहेत. त्या काळच्या कागदावरचे रंग फार टिकाऊ नव्हते. निगेटिव्ह सहसा स्टुडिओतच राहत; स्टुडिओ बंद होतो तेव्हा त्या पेट्या रद्दीत जातात. आणि सर्वांत लवकर जाते ते नाव. 'ही डावीकडून तिसरी कोण?' या प्रश्नाला उत्तर देणारे माणूस घरात एकच उरलेले असते, आणि तेही ऐंशीच्या पुढे.

म्हणून या दिवाळीत अल्बम निघालाच, तर एवढे करावे. जुन्या माणसाजवळ बसावे, मऊ पेन्सिलीने फोटोच्या मागे नाव लिहावे, गाव लिहावे, वर्ष लिहावे. आणि त्यापुढे आणखी एक शब्द लिहावा, तो माणूस काय काम करी हा. रोवणी करी, विड्या वळी, गिरणीत हमाली करी, रेल्वेत पॉइंट्समन होता. फ्लॅशने जे मागे काळोखात लोटले, ते निदान पाठीमागे अक्षरांत येईल. पाडव्याला किंवा भाऊबीजेला घरची माणसे जमली की फोन हातात असतोच. ज्यांनी आयुष्यभर काम केले त्यांना विचारून, त्यांना आवडेल तसे बसवून, त्यांच्या हाती त्यांचे काम देऊन एक फोटो घ्यावा. मावशीला मी तसे विचारले आहे. नवे लुगडे नेसून विड्या वळायला ती तयार आहे; सूप मात्र शेजारून आणावे लागणार आहे.